बिनउपासाचा रविवार

आमच्या चर्चने वर्षातले दोनशेहून जास्त दिवस उपासाचे ठरवून दिलेत. देवभोळ्या माणसांनाही एवढे पुष्कळ होतात. झेनेबेचला मात्र ते पुरले नाहीत. बुधवार-शुक्रवार तर सगळेच पाळतात. तिने आधी मंगळवार धरला, मग गुरुवार. पुढे कुठल्याशा संताच्या खेचराचा उपास निघाला, आणि शपथेवर सांगतो, एका वर्षी त्या खेचराच्या आईचाही. आमच्या इथिओपियाच्या वर्षाला तेरा महिने असतात. झेनूच्या हातात असतं तर तिने चौदावा काढला असता, आणि तोही उपासाचाच.

भक्तीबिक्ती काही नव्हतं हो. उपासवाल्यांचं ताट वेगळं येतं, एवढंच कारण होतं.

घरात असो की हॉटेलात, आम्ही एका ताटात जेवतो. परातीएवढा इंजेरा, म्हणजे आमची आंबवलेली, आंबोळीसारखी भाकरी, पसरायचा, वर कालवणं ओतायची, आणि सगळ्यांनी आपापल्या बाजूने तोडत तोडत मध्यापर्यंत यायचं. त्या ताटात मुलुनेशचा हात असला की झेनूला त्या दिवशी उपास लागायचा. मुलुनेश म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. इकडे परदेशात, फुट्सक्रे नावाच्या उपनगरात, दोघींच्या घरांमध्ये दोन गल्ल्यांचं अंतर. लग्नं झाली, बारशी झाली, सगळीकडे दोघी हजर. पण मुलू या टोकाला कोंबडीच्या ताटावर आणि झेनू त्या टोकाला एकटी मसुराच्या ताटावर. झेनूचा मुलगा शिकून पर्थला नोकरीला लागला, तरी ताटं काही एक झाली नाहीत.

यावर तोड काढली मुलूच्या लेकीने, फिक्रतेने. पोरगी इथे जन्मली, इथे वाढली, अम्हारिक बोलते ती अर्धी रेडिओवरच्या बातम्यांसारखी. पण डोकं आजीचं. इस्टर झाल्यावर ती थेट पाद्रीबाबांकडे गेली.

"बाबा, इस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत उपास करता येतो का?"

"नाही पोरी. हे आनंदाचे दिवस. बुधवार-शुक्रवारसुद्धा माफ."

"आणि कुणी केलाच तर?"

"तर ते पाप."

"हे माझ्या मावशीला फोनवर सांगाल?"

बाबांनी सांगितलं. फिक्रतेने लेमलेमच्या हॉटेलातलं खिडकीजवळचं टेबल रविवारी संध्याकाळसाठी धरून ठेवलं आणि मला हुकूम केला, "गाशे वर्कू, मावशीला तुम्ही गाडीतून आणायचं. चालत यायला सांगितलं तर वाटेत एखादा संत भेटेल तिला."

गाशे म्हणजे वडीलधारा. नात्याने मी या घराचा कुणीच नाही. मुलूचा नवरा आणि मी एकाच विमानातून इथे आलो, तो गेला, मी उरलो. तीस वर्षं टॅक्सी चालवली. मागच्या सीटवरचं माणूस काय लपवतंय ते मला आरशात न बघताही कळतं. आणि जे कळत नाही ते मी रचतो. आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

त्या रविवारी झेनू गाडीत बसली ती पुढे, माझ्या शेजारी. पांढरीशुभ्र शाल, जरीचा काठ. एका कानात डूल होतं, दुसऱ्यात नव्हतं.

"एकच डूल घालायची नवीन फॅशन का?" मी विचारलं.

तिने कानाला हात लावला. काढलेलं डूल कुठे ठेवलं तेही तिला आठवेना.

"गाशे, गाडी सुरू करू नका."

मी किल्लीवरचा हात काढला.

"गावाकडून, गोंदरहून फोन आला होता. दुपारी. वुबित आत्या गेली."

मी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. "कशाने?"

"वयाने. झोपेतच. काल पुरलंसुद्धा." ती समोरच्या काचेकडे बघत होती. "मुलुनेशला माहीत नाही. त्यांनी रीतीप्रमाणे मला फोन केला. म्हणाले, सकाळी माणसं घेऊन तिच्या दारात जा."

वुबित आत्या मुलूची कोण, हे सांगायला हवं. आत्याला मूलबाळ नव्हतं. भावाची थोरली पोर तिने मागून घेतली. मुलू तेव्हा फ्रॉकच्या खिशात खडे भरून हिंडायच्या वयाची. जन्म एकीने दिला, पण मुलूच्या केसांच्या वेण्या, ताप, शाळा, पहिलं लग्नाचं स्थळ हाकलून लावणं, सगळं आत्याने केलं. झेनू आईजवळ वाढली, मुलू आत्याजवळ. म्हणजे आता जी गेली ती मुलूची आईच.

आणि आमच्यात अशी बातमी फोनवर देत नाहीत. संध्याकाळीही देत नाहीत. एकट्या माणसाला तर नाहीच नाही. पहाटे, ते माणूस अंथरुणात असतानाच, जवळचे सात-आठ जण दारात उभे राहतात. दार उघडलं की बोलावं लागतच नाही. रडायला मांडी, धरायला हात, सगळं आधीच तिथे असतं. तोवर ज्याला माहीत आहे त्याने गिळून बसायचं.

"मी आत्ता सांगणार आहे," झेनू म्हणाली. "आत गेल्या गेल्या. हातावर पाणी पडायच्या आधी."

"झेनू..."

"समजावू नका. तुम्हाला ठाऊक आहे तिने माझं काय केलं."

ठाऊक होतं. सगळ्या फुट्सक्रेला ठाऊक होतं. झेनू बाळंतीण असताना तिकडे त्यांची आई वारली. फोन मुलूला आला. मुलूने ठरवलं, बाळाचा चाळिसाव्या दिवशीचा बाप्तिस्मा होऊ दे, अंगात दूध टिकू दे, मग सांगू. रोज सकाळी यायची, तूप घातलेली सातूची पेज शिजवायची, बहिणीला स्वतःच्या हाताने भरवायची. हसायची, गाणी म्हणायची. बाप्तिस्म्याला दोन-तीन दिवस उरले असताना झेनू पहिल्यांदा बाळाला घेऊन बाजारात गेली, आणि मसाल्याच्या दुकानातल्या बाईने तिचा हात धरून म्हटलं, देव तुझ्या आईच्या आत्म्याला शांती देवो.

"दुकानात," झेनू म्हणाली. "मिरच्यांच्या पोत्यांमध्ये. अनोळखी बाईच्या तोंडून. आई मातीत होती आणि ही माझ्या तोंडात घास घालत होती. हसत. प्रत्येक घास खोटा होता, गाशे. मी तेव्हाच ठरवलं, माझ्यावर कधी अशी वेळ आली तर मी एक क्षण थांबणार नाही. रस्त्यात सांगेन, बसमध्ये सांगेन, पण सांगेन. माणसाचं दुःख त्याचं त्याला द्यावं. त्यावर दुसऱ्याने बसून राहू नये."

मी गाडी सुरू केली. फक्त जरा लांबच्या रस्त्याने नेली.

लेमलेमच्या हॉटेलाबद्दल एवढंच सांगतो की तिच्या मिरचीच्या धुराने एकदा अग्निशमन दलाची गाडी आली होती. जवानांनी आग पुष्कळ शोधली, सापडली नाही, म्हणून ते बसून जेवून गेले आणि पुढच्या आठवड्यात बायकामुलांना घेऊन आले. खुद्द लेमलेम दारातून अंग तिरकं करून आत येते आणि सगळ्यांना मुलांसारखं रागावते.

मुलू खिडकीजवळ बसली होती. डाव्या हाताची खुर्ची तिने मोकळी ठेवली होती, आणि त्या खुर्चीवर कुणी पर्स ठेवू नये म्हणून मघापासून तिच्या पाठीवर हात टाकून बसली होती. मुलूच्या मनात काय चाललं होतं? तिला मोठं काही नको होतं. मिठी नको, माफी नको. झेनूने आपल्या ताटात हात घालावा, बस्स. घास मात्र आपण द्यायचा नाही, हे तिने पक्कं केलं होतं. त्या बाप्तिस्म्याच्या जेवणात तिने घास पुढे केला होता. झेनूने तोंड फिरवलं. भरल्या पंगतीत तो घास मुलूच्या बोटांत राहिला. खाववेना, ठेववेना. तुम्ही कधी कुणाला भरवायला गेलात आणि समोरच्याने तोंड फिरवलं, तर कळेल तुम्हाला त्या घासाचं वजन.

झेनू आत आली. मोकळ्या खुर्चीशी उभी राहिली.

"बस ना," मुलू म्हणाली. "म्हणजे, तुला तिकडे उजेड बरा वाटत असेल तर तिकडे बस."

झेनू बसली. तिथेच.

समोर फिक्रते, आणि फिक्रतेच्या शेजारी तिचा होणारा नवरा डॅरन. नळजोडणीचं काम करतो. खांदे इतके रुंद की त्याच्यामागे लेमलेमसुद्धा दिसत नाही. त्याला आमची भाषा दहा-बारा शब्दांपुरती येते, त्यांतले नऊ खाण्याचे.

लेमलेम तांब्या-तसराळं घेऊन आली.

"मुलुनेश," झेनू म्हणाली. पूर्वी ती तिला एतिये म्हणायची, म्हणजे ताई. बाजारातल्या त्या दिवसापासून सरळ नाव. "मला तुला काही सांगायचंय."

मुलूचं तोंड उजळलं. झेनू आपणहून बोलली होती! "सांग की. पण थांब, आधी हे बघ, नाहीतर मी विसरेन." तिने पिशवीतून एक डबी काढली. कानात घालायचं यंत्र, वाटाण्याएवढं. "आत्यासाठी. फोनवर मी एवढी ओरडते की शेजारचा कुत्रा मला उत्तर देतो, पण तिला ऐकू जात नाही. जूनमध्ये जाणार ना मी. तिकीट झालं. विमानातून उतरले की आधी हे तिच्या कानात घालणार आणि मग हळू आवाजात बोलणार. अगदी हळू."

"आई, ते यंत्र घातल्यावर आत्याआजीला पहिल्यांदा तुझी बडबड ऐकू येईल," फिक्रते म्हणाली. "दुसऱ्या मिनिटाला काढून टाकेल."

"काढू दे. माझा आवाज ओळखून काढू दे."

लेमलेमने झेनूच्या हातांवर पाणी सोडलं. पाणी हातावर पडायच्या आधी सांगणार होती ती. पाणी पडून गेलं. मी टेबलाच्या पलीकडून बघत होतो. झेनूने हात पुसले, पुन्हा पुसले, कोरड्या हातांवर परत टॉवेल फिरवला.

"तू काय सांगत होतीस?" मुलूने विचारलं.

"जेवण येऊ दे."

जेवण आलं. ताट एवढं मोठं की लेमलेम आणि तिची भाची दोघींनी धरून आणलं. मध्यभागी काळसर-लाल कोंबडीचं कालवण, त्यात अख्खी उकडलेली अंडी. कडेने पालेभाजी, ताजं चीज, तुपात परतलेला खिमा, आणि सवयीने एका कोपऱ्यात मसूर.

"मसूर कुणी मागवला?" फिक्रते ओरडली.

"झेनेबेच येणार म्हटल्यावर माझे हात आपोआप मसूर शिजवतात," लेमलेम म्हणाली. "मी काय करू?"

सगळे हसले. झेनूही हसली, आणि हसता हसता तिला स्वतःचाच धक्का बसला. दुपारी फोन आला तेव्हा ती भांडी घासायच्या ओट्यापाशी बसून रडली होती. तोंड धुऊन, शाल घेऊन आली होती. आणि आता मसुरावर हसत होती. हसता येतं तर. ठाऊक असून हसता येतं. म्हणजे मुलूचं तेव्हाचं ते हसू...

तो विचार तिने ढकलला. सांगायचं होतं. तिने श्वास घेतला.

"मुलुनेश, आज गोंदरहून..."

तेवढ्यात डॅरनने आपल्या परीने चांगलं काम केलं. फिक्रतेने त्याला शिकवून आणलं होतं की घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला घास भरवलास की तू जावई झालास. त्याने इंजेऱ्याच्या तुकड्यात अर्धी कोंबडी गुंडाळली, एक अख्खं अंडं कोंबलं, आणि ते क्रिकेटच्या चेंडूएवढं गाठोडं घेऊन टेबलावर ओणवा होत झेनूच्या तोंडापुढे धरलं.

डाव्या हाताने.

शेजारच्या टेबलावरच्यांच्याही माना वळल्या. लेमलेमने कालथा उचलला.

"अरे रेड्या! तो हात कशासाठी असतो, तुझ्या आईने सांगितलं नाही?"

"काय झालं? लहान झाला का घास?" बिचाऱ्या डॅरनने इंग्रजीत विचारलं.

"हात बदल, हात!" फिक्रते त्याच्या दंडाला लोंबकळली. त्याने हात बदलला, अंडं निसटलं, टेबलावरून घरंगळत माझ्या मांडीवर आलं. मी ते खाल्लं. अन्न वाया घालवू नये.

"एतिये झेनू, सॉरी," डॅरन म्हणाला, कानापर्यंत लाल. "मी डावखुरा आहे. नळही डाव्या हातानेच बसवतो."

"म्हणूनच आमचा नळ उलटा फिरतो," मुलू म्हणाली, आणि एवढी हसली की तिला ठसका लागला. झेनूने तिच्या पाठीवर हात फिरवला. पाणी दिलं. मग तिच्या लक्षात आलं की आपला हात कुठे आहे, आणि तो काढावा की ठेवावा हे तिला कळेना. मुलू ठसका थांबल्यावरही जरा वेळ खोकत राहिली. हात जाऊ नये म्हणून.

डॅरनचा उजव्या हातातला घास झेनूने मुकाट्याने खाल्ला. जावई झाला.

"आता सांग," मुलू म्हणाली. "गोंदरहून काय?"

झेनूच्या तोंडात घास होता. चावायला वेळ लागणार होता. डॅरनचा घास म्हणजे दुपारच्या जेवणाएवढा. चावता चावता तिने बहिणीकडे नीट पाहिलं. कित्येक वर्षांत एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. भुवयांत पांढरं आलं होतं. मुलू तिच्यापुढे कोंबडीचे चांगले तुकडे सारत होती, एकेक, बोटाच्या टोकाने, कुणाच्या नजरेला येऊ नये असं. मुलूच्या स्वतःच्या बाजूचा इंजेरा मात्र अजून अख्खा होता.

"तू जेवत का नाहीस?" झेनूने विचारलं.

"जेवतेय की."

"जेवतेय!" लेमलेम कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "खोटारडी. काल माझ्याकडे आली, कोंबडी कशी शिजवायची ते मला शिकवायला. मला! चहासुद्धा घेतला नाही. आज चर्चमधून थेट इथे आली, कांदे चिरत बसली. म्हटलं खा काही. म्हणते कशी, झेनू त्या खुर्चीत बसेपर्यंत घशाखाली काही उतरणार नाही. कालपासून रिकाम्या पोटाने हिंडतेय ही बाई. माझ्या हॉटेलात! लोक काय म्हणतील मला?"

"लेमलेम, गप गं," मुलू पुटपुटली.

झेनूचा घास संपला होता. आता तोंड मोकळं होतं, मुलू तिच्याकडेच बघत होती. इतकी चांगली वेळ परत मिळणार नव्हती. वुबित आत्या गेली. तीन शब्द. मुलू ओरडेल. शाल फाडेल, छाती बडवेल, इथेच, मिठाच्या बाटलीशेजारी. मग आपल्या बायका करतात तसं ती अन्नाला शिवणार नाही. उद्या नाही, परवा नाही. जे काही पोटात असेल त्यावर तिला तीन-चार दिवस रडायचं आहे.

आणि पोटात काहीच नव्हतं.

मला झेनूचा चेहरा दिसत होता. तिला पेज आठवली. खात्रीने सांगतो. पहाटेच्या अंधारात येणारी मुलू, चमच्याने नव्हे, बोटांनी, फुंकर घालून दिलेली ती पेज. आणखी एक. तूप आहे त्यात. आणखी एक, माझ्यासाठी. झेनू म्हणायची, पुरे गं एतिये, पोट फुटेल. आणि मुलू म्हणायची, फुटू दे, पण जेव. एवढं का भरवत होती ती? रोज? जणू पुढे दुष्काळ पडणार आहे.

झेनूने उजवा हात ताटात घातला.

इंजेऱ्याचा मऊ तुकडा तोडला. कोंबडीचं मांस हाडापासून सोडवलं, अंड्याचा पिवळा भाग घेतला, कालवणात बुडवलं, वर थोडं चीज. सावकाश. घडी घालावी तसं सगळं तुकड्यात बसवलं. तो घास ती बहिणीच्या तोंडाशी घेऊन गेली.

"एतिये," ती म्हणाली. "घे."

लेमलेमने तोंडावर हात ठेवला. फिक्रतेच्या डोळ्यांतून टपटप पाणी यायला लागलं आणि तिने डॅरनचा दंड एवढा आवळला की त्याला वाटलं आपण पुन्हा कुठला तरी हात चुकीचा वापरला.

मुलूने घासाकडे पाहिलं. मग झेनूकडे. झेनू तिच्या डोळ्यांत बघत नव्हती. ती तिच्या हनुवटीकडे बघत होती.

मुलूने असे घास स्वतः भरवले होते. डोळ्यांत न बघता समोरच्याच्या हनुवटीकडे बघत कसं भरवायचं असतं, रडू दडवायला घासावर कशी फुंकर घालायची असते, हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. जी बहीण इतकी वर्षं आपल्या ताटाला शिवली नाही, ती एका कोंबडीच्या कालवणाने अशी विरघळत नाही. आज फोन आला असणार. गोंदरहून, म्हणाली ती. दोनदा सुरुवात केली तिने.

एका कानातल्या डुलावर मुलूची नजर थांबली; दुसरं फोन कानाला लावताना काढलेलं असणार. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली ताटात पाहिलं. तेवढं पुरे झालं तिला.

तिने तोंड उघडलं आणि घास घेतला.

लेमलेमने जीभ हलवत असा काही आनंदाचा ललकार सोडला की रस्त्यापलीकडची पोरं खिडकीशी आली. "मिटलं! मिटलं रे देवा! कॉफी माझ्याकडून! सगळ्यांना!" शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, ते कोण होते, कशासाठी वाजवत होते, त्यांचं त्यांनाच माहीत. फिक्रते टेबलावरून वाकून दोघींच्या गळ्यात पडली, तिची बाही कालवणात बुडाली.

मुलू चावत राहिली. गालावरून एक ओघळ आला, तो मिरचीचा असावा असं तिने रुमालाने पुसला. गिळायला तिला फार वेळ लागला. तिने गिळलं.

"आणखी एक," झेनू म्हणाली.

"दे."

एका घासाने वैर होतं, असं आमच्यात म्हणतात. एकावर थांबायचं नसतं. झेनूने दुसरा दिला. मग तिसरा. मुलू एकेक घेत होती, मान खाली घालून, शहाण्या मुलीसारखी. काही विचारलं नाही. गोंदरहून काय, हे तिने परत विचारलं नाही. समोर फिक्रते जूनच्या प्रवासाचं काहीतरी बोलत होती, बॅगेचं वजन, आत्याआजीला न्यायचे स्वेटर. मुलू "हो" म्हणत होती, "बघू" म्हणत होती, आणि खात होती. टेबलाखाली तिच्या डाव्या हाताने झेनूच्या शालीचा काठ मुठीत धरला होता. मी अंडं शोधायला वाकलो होतो तेव्हा पाहिलं. अंडं मघाशीच खाल्लं होतं म्हणता? दुसरं पडलं असेल.

लेमलेमने निखाऱ्यावर कॉफी भाजायला घेतली. फिक्रते आणि डॅरन तो वास घ्यायला उठून तिच्याभोवती उभे राहिले. टेबलावर आम्ही तिघेच उरलो.

"गाशे," मुलू म्हणाली. आवाज साधा, भाजीचा भाव विचारावा तसा. "उद्या सकाळी काम आहे तुम्हाला?"

"मला कसलं काम आता."

"झेनू, तू?"

"सुट्टी घेतली आहे."

"हं." तिने ताटाकडे पाहिलं. दोघींच्या बाजूचा इंजेरा तुटत तुटत मध्ये येऊन भिडला होता. "पहाटे गारठा असतो हल्ली. लोकांना बाहेर ताटकळत ठेवायला नको. मी दाराला कडी घालणार नाही."

झेनूचा चेहरा पिळवटला. ओठ आवळून तिने तो कसाबसा सावरला. "एतिये, मला आजच सांगायचं होतं. मी ठरवून आले होते. मला जमलं नाही. मला वाटायचं तू..."

"उद्या," मुलू म्हणाली. "उद्या सांग. आज माझ्यासाठी ती अजून आहे."

झेनूने मान हलवली. फिक्रते कॉफीचा धूर हाताने आमच्याकडे लोटत "वास घ्या, वास घ्या!" म्हणून ओरडत होती. आम्ही तिघांनी वास घेतला.

मग मुलूने हात पुढे केला. इंजेऱ्याचा शेवटचा मोठा तुकडा तोडला. त्यात उरलेली कोंबडी भरली, पालेभाजी भरली, आणि कोपऱ्यातला तो मसूरही. क्षणभर तो घास तिच्या बोटांत थांबला. ती घाबरली असावी. मग तिने तो बहिणीच्या तोंडाशी नेला.

"तूही जेव," ती म्हणाली. "उद्या माझ्यासोबत रडायचंय तुला. उपाशी पोटाने आवाज निघत नाही."

झेनूने तोंड उघडलं.